काचा वर करून

ब्रेकबाईचं खरं नाव तिच्या लायसनवर असेल तर असेल, पण गाडी शिकायला येणाऱ्यांपैकी कुणालाच ते ठाऊक नव्हतं. म्हातारे तिला ‘बाळ’ म्हणत, कॉलेजची पोरं ‘मावशी’ म्हणत, कचेरीतले साहेबलोक ‘मॅडम’ म्हणत आणि हमाल, गवंडी, भाजीवाले ‘ताई’ म्हणत. ज्याने जी हाक मारली, तिचाच आवाज ती घशात घालून बसायची. बाळ म्हटलं की आवाज मऊ व्हायचा, मॅडम म्हटलं की ताठ.

तिच्या शिकाऊ गाडीत तिच्या पायाशी एक जादा ब्रेक होता, पण तो वापरायची वेळ आली की तिला आपली मान गेल्यासारखं वाटायचं. तिची विद्या वेगळीच होती. पहिल्या दिवशी ती शिकणाऱ्याला किल्लीला हातही लावू द्यायची नाही. शेजारी बसवून गल्लीबोळातून फिरवायची आणि बोलतं करायची. पोरंबाळं किती, बॉस कसा आहे, गुडघे काय म्हणतात. समोरचा बोलत असायचा आणि ही कान टवकारून एकच शब्द शोधत असायची. कुठला शब्द कानावर पडला की या माणसाचा जीव जागच्या जागी थिजतो? कारण तिचं म्हणणं असं, की ‘थांबा’ हा शब्द डोक्याला कळतो, पायाला कळत नाही. पायाला कळणारा शब्द ज्याचा त्याचा निराळा असतो. तो आपल्या वयात मुरलेला असतो आणि आपण ज्यांच्यात वाढलो त्यांच्याकडून आलेला असतो.

विचारा कुणालाही. निवृत्त हेडमास्तर सिग्नल तोडून निघाले, तेव्हा ही नुसती म्हणाली, “वर्गात शांतता!” गाडी अशी थांबली की तारेवरची कबुतरंसुद्धा उंचीप्रमाणे ओळीत बसली. वकीलसाहेब “हरकत आहे!” म्हटल्याशिवाय थांबत नसत. नव्याने नोकरीला लागलेल्यांना “साहेब आले!” पुरायचं. कॉलेजच्या पोराला “ए भावा, भावा, भावा!” असं तीनदा लागायचं, दोनदा म्हटलं तर तो फक्त हळू व्हायचा. आणि घर सांभाळून केस पांढरे झालेल्या बायकांना तर “अगंबाई, दूध!” एवढं म्हटलं की काम झालं. पाय ब्रेकवर असा पडायचा की पुढच्या चौकातल्या दोन गाड्याही आपसूक थांबायच्या.

अशी ही ब्रेकबाई. आणि तिची विद्या पहिल्यांदा कुठे उताणी पडली असेल, तर घरात. सासूबाईंपुढे.

सासूबाईंचं बोलणं इतकं हळू होतं, की ऐकायचं असेल तर बिस्किट चावायचं थांबवावं लागे. “सूनबाई, जमलं तर जरा खिडकी लोटतेस का?” म्हणेपर्यंत पावसाने अर्धा पलंग भिजवलेला असायचा. एवढ्या वर्षांत त्यांचा चढलेला आवाज घरात कुणी ऐकला नव्हता. सासरे गेले तेव्हासुद्धा त्या रडल्या त्या पदर तोंडात धरून, शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून.

सासऱ्यांची जुनी मोटार खाली उभी होती. पिवळट रंगाची, खोक्यासारखी, खोकला झालेल्या हॉर्नची. ते गेल्यापासून तिच्यावर कापड घातलेलं होतं. ब्रेकबाईचा नवरा विम्याच्या कचेरीत अपघातांचे दावे तपासायचा. त्यामुळे धड गाडी त्याच्या नजरेला कधी पडतच नसे, आणि कचेरीची भाषा तो घरी येताना बुटांबरोबर दाराबाहेर काढत नसे. एके दिवशी सकाळी चहा पिता पिता तो म्हणाला, “सदर गाडी वापरात नाही. खालच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर घ्यायला तयार आहेत. तरी सदर गाडी त्यांना देण्यात यावी, असं मला वाटतं.”

“आणि सदर चहात साखर नाही, हेही वाटत असेल,” ब्रेकबाई म्हणाली.

“ते मी सांगणारच होतो.”

तेवढ्यात सासूबाई काहीतरी म्हणाल्या. दोघांनी बिस्किटं चावायचं थांबवलं.

“काय म्हणालीस, आई?”

“म्हटलं, मी शिकेन म्हणते. गाडी.”

नवऱ्याच्या डोळ्यांसमोर आजवर तपासलेले सगळे दावे एकापाठोपाठ एक येऊन आदळले असणार. मग त्याने तोड काढली. दाताचे डॉक्टर लेकीकडे गेले होते. ते परत येईपर्यंत आईने परीक्षा पास होऊन लायसन आणलं, तर गाडी राहील. नाहीतर किल्ली डॉक्टरांच्या हातात. सासूबाईंनी मान डोलावली. पण टेबलाखाली त्यांनी सुनेचा हात असा घट्ट धरला, की बांगडी रुतली. साध्या गाडीसाठी कुणी असा हात धरत नाही, हे ब्रेकबाईच्या ध्यानात आलं.

शिकवणी सुरू झाली शिकाऊ गाडीत. ब्रेकबाईने नेहमीप्रमाणे कान लावला, पण सासूबाईंच्या बोलण्यात धरायला काही कोपराच सापडेना. सगळं कसं धुऊन, इस्त्री करून ठेवलेलं. पहिल्याच वळणाला गाडी रस्ता सोडून बागेच्या कुंपणाकडे निघाली.

“अगंबाई, दूध!” ब्रेकबाई ओरडली.

“उतू जाऊ दे गं,” सासूबाई म्हणाल्या, “पुसून घेऊ.”

कुंपण हातभर राहिलं तेव्हा ब्रेकबाईला जादा ब्रेक दाबावा लागला. दुसऱ्या दिवशी तिने “बाळ पडलं!” करून पाहिलं. “पडतात गं मुलं. रडलं की बघू.” तिसऱ्या खेपेला “पाहुणे आले!” म्हटलं, तर सासूबाईंनी स्टिअरिंग सोडून केस नीट केले. शेवटी घायकुतीला येऊन ती साधंच म्हणाली, “आई, थांबा! थांबा, आई!” गाडीने कचऱ्याचा डबा आडवा केला, त्यातली मांजर टपावरून पलीकडे गेली, आणि मग सासूबाईंनी मान वळवून विचारलं, “थांबायला सांगितलंस होय? मला वाटलं, सुचवलंस.”

त्या दिवशी ब्रेकबाई आरशासमोर उभी राहून स्वतःला म्हणाली, की हेडमास्तर थांबवलेस, वकील थांबवलेस, आणि एवढी गरीब गाय तुला आवरेना? गरीब गाय हा शब्द तिने नंतर परत घेतला.

झालं असं, की कॉलेजचं ते पोरगं परीक्षा पास झालं आणि आनंदाच्या भरात ‘मावशी, बघ आता’ म्हणून त्याने शिकाऊ गाडी विजेच्या खांबाला भेटवली. गाडी गॅरेजला गेली. डॉक्टरांच्या परतीचे दिवस तर जवळ आले होते. उरली सासऱ्यांची पिवळट मोटार. तिला जादा ब्रेक नव्हता. ब्रेकबाईने छातीवर दगड ठेवला, कापड काढलं आणि दोघी गोदामांमागच्या मोकळ्या मैदानावर गेल्या.

सासूबाई स्टिअरिंगमागे बसल्या. आणि बसल्याबरोबर त्यांनी एकेक करून चारही काचा वर केल्या. बाहेर ऊन रणरणत होतं.

“आई, काचा कशाला? शिजून निघू आपण.”

“सवय आहे,” त्या म्हणाल्या, आणि गाडी सुटली.

मैदानाच्या मधोमध एक कुत्रा झोपला होता. मैदान आपल्या आजोबांनी घेऊन ठेवल्यासारखा ऐसपैस. ब्रेकबाईने ‘आई’ म्हटलं, ‘थांबा’ म्हटलं, दूध, बाळ, पाहुणे, साहेब, हरकत, सगळं पोतं रिकामं केलं. पाय सवयीने खाली दाबला, तर तिथे नुसता पत्रा. तिने डोळे मिटले.

“आऽऽवर, मुडद्या!”

हा आवाज कुठून आला ते तिला क्षणभर कळलं नाही. तो माणसाचा वाटत नव्हता, भोंग्याचा वाटत होता. काचा थरथरल्या. गाडी जागच्या जागी उभी राहिली. डोळे उघडले तर सासूबाईंचा पाय ब्रेकवर होता, मान पुढे, आणि ओठांवर तो शब्द अजून धुमसत होता. कुत्रा उठला. तेव्हापासून तो म्हणे रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघतो.

ब्रेकबाईने आधी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

“आई,” ब्रेकबाई शेवटी म्हणाली, “हे कोण बोललं?”

सासूबाई लाजल्या. सत्तरी ओलांडलेली बाई लाजते तशा, आधी कानापासून. आणि मग बोलू लागल्या. आवाज तोच मघाचा होता. घरातला नव्हे.

“माझा बाप रेल्वेच्या मालधक्क्यावर होता गं. मालगाडीच्या वाघिणी, म्हणजे डबे, सुट्या करायचे ना, त्या इंजिनाशिवाय ढकलत न्यायच्या. वीस-वीस माणसं खांदा लावायची. एकदा चालली की वाघीण कुणाच्या बापाचं ऐकत नाही. मग जो पुढे असेल त्याने ओरडायचं, ‘आवर, मुडद्या!’ की सगळ्यांनी पाय रोवायचे. एक जरी उशिरा रोवला तर कुणाचा तरी पाय गेलाच. आईची तिथेच चहाची टपरी. आम्ही पोरं त्या आरोळीवरच वाढलो. झोपेत ऐकली तरी पाय ताठ व्हायचे. आणि शिवी म्हणशील तर ती शिवी नव्हेच. माझी आई मला जेवायलासुद्धा ‘ये गं भवाने’ म्हणूनच बोलवायची. ‘बाळ’ म्हणाली असती तर मला वाटलं असतं, ताप आलाय तिला.”

“आणि मामंजी?”

“ते मालाच्या कचेरीत कारकून. टपरीवर चहाला यायचे. माझ्या ओरडण्यावरच भाळले, असं म्हणायचे. पण मी लग्न होऊन घरात आले तर तुझ्या आजेसासूबाई म्हणाल्या, ‘आपल्यात असं बोलत नाहीत हो.’ मारलं नाही, कोंडलं नाही. इतक्या लाडाने म्हणाल्या, की लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घ्यावी तसं माझं बोलणं काढून घेतलं. मलाही वाटलं, असेल बाई टोकेरी.”

त्यांनी स्टिअरिंगवरून हात फिरवला.

“मग ह्यांनी ही गाडी घेतली. पहिल्याच रविवारी मला घेऊन इथेच आले, याच मैदानावर. चारी काचा वर केल्या आणि म्हणाले, ‘हं, आता बोल.’ अगं, मी जी सुटले! त्यांना बोलले, त्यांच्या आईला बोलले, दूधवाल्याला बोलले, देवालासुद्धा सोडलं नाही. ते हसून हसून स्टिअरिंगवर पडले, हॉर्न वाजतच राहिला. तेव्हापासून बसला त्याचा आवाज. मग दर रविवारी. घरी ‘अहो, चहा घेता ना’, आणि गाडीत ‘आवर मुडद्या, वळण आलं!’ ते गेले आणि माझी बोलायची खोलीच गेली बघ. आता ही गाडीही डॉक्टरांना देणार म्हणतो हा.”

ब्रेकबाईला ती रुतलेली बांगडी आठवली. तिने नाक पुसलं.

“मग माझ्याशी बोला की.”

“तू सून आहेस माझी.”

“घरी. गाडीत मी मास्तरीण. पण आधी मला शिकवा कसं ओरडायचं ते. तुमचा पाय त्याच शब्दाचं ऐकतो.”

आणि मग त्या मैदानावर उलटी शाळा भरली. पहिला धडा असा, की गड्याला ‘मुडद्या’ आणि बाईला ‘भवाने’. सगळ्यांची बोली लीलया बोलणाऱ्या ब्रेकबाईची जीभ सासूसमोर मात्र लुळी पडली. पहिल्या खेपेला तिच्या तोंडून निघालं, “अहो आई, आवरा हो, भवानीबाई!”

गाडी वाळूच्या ढिगात जाऊन बसली. “शिवी देतेयस की हळदीकुंकवाला बोलावतेयस?” सासूबाई कडाडल्या. “पोटातून काढ! बेंबीपासून!”

“आवरा, भवाने!”

“अर्धी सून, अर्धी हमाल. पायाने कुणाचं ऐकायचं?”

तिसऱ्या दिवशी ब्रेकबाईच्या तोंडून असा काही “आवर, भवाने!” निघाला, की गाडी तर थांबलीच, गोदामाचा रखवालदारही हातातला डबा खाली ठेवून पाय रोवून उभा राहिला. सासूबाईंनी तिची पाठ थोपटली. “आता माझी शोभतेस.” त्यानंतर गाडी अशी सरळ चालायला लागली, जशी रुळांवरून. घरी आल्यावर मात्र दारातच, “सूनबाई, दमलीस ना गं?” “नाही हो, आई.” नवरा वर्तमानपत्रातून मान वर काढून बघायचा आणि म्हणायचा, “सदर शिकवणी शांततेत चाललेली दिसते.”

परीक्षेचा दिवस उजाडला. नियम असा, की परीक्षक शेजारी बसणार, शिकवणारा मागे, आणि शिकवणाऱ्याने चकार शब्द काढायचा नाही. काढला की उमेदवार नापास. ब्रेकबाईने ते आधीच बजावून ठेवलं होतं.

“आई, माझ्या तोंडाला कुलूप. तुमचं तुम्हालाच ओरडायचंय.”

“स्वतःला कोण ओरडतं गं मोठ्याने?”

“काचा वर असतील. मी आणि तो, दोघंच ऐकू.”

परीक्षक आला तो नातवाच्या वयाचा. मिसरूड कोवळं, पण भाषा निवृत्तीला आलेली. खुर्चीबरोबरच मिळाली असावी. “उमेदवाराने आसनस्थ व्हावे. उमेदवाराने आरसे तपासावेत.” सासूबाई आसनस्थ झाल्या, आरसे तपासले, आणि सवयीने पहिली काच वर करायला लागल्या.

“काचा खाली असाव्यात,” परीक्षक म्हणाला. “हाताचा इशारा दिसणे आवश्यक आहे.”

सासूबाईंचा हात तसाच राहिला. आरशातून त्यांनी सुनेकडे पाहिलं. बाजाराचा रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानं, दारात माणसं, आणि चारी काचा सताड उघड्या. इथे ती बाई तो आवाज काढणार? जिने नवऱ्याच्या मरणातही शेजाऱ्यांच्या झोपेची काळजी केली? काच हळूच खाली गेली. गाडी निघाली.

बाजारात शिरेपर्यंत सगळं सुरळीत झालं. मग परीक्षक म्हणाला, “उमेदवाराने पुढील दुकानापाशी वाहन थांबवावे.” सासूबाईंनी अदबीने मान हलवली आणि दुकान मागे टाकलं. “उमेदवाराने थांबवावे असे सुचविले होते.” त्यांनी पुन्हा मान हलवली. पायापर्यंत काही पोचतच नव्हतं. ब्रेकबाईने आपल्या दोन्ही ओठांवर हात दाबून धरला, बोटं पांढरी पडली.

आणि तेवढ्यात शेजारच्या बोळातून एक हातगाडी आडवी आली. तिच्यावर उभं होतं एक कपाट, पुरुषभर उंचीचं, आरशाच्या दाराचं. ढकलणारा म्हातारा हमाल कपाटामागे पार झाकलेला. सासूबाईंना दिसलं ते एवढंच, की समोरून एक पिवळट मोटार थेट अंगावर येतेय, आणि ती चालवतेय कुणी एक म्हातारी. डोळे फाडलेली, तोंड शिवल्यासारखं मिटलेली.

त्या म्हातारीची त्यांना अशी चीड आली म्हणून सांगू!

“आऽऽवर, भवाने!”

बाजार थांबला. अक्षरशः. तराजूंची पारडी अधांतरी राहिली, न्हाव्याचा वस्तरा गालावर राहिला, आणि वरच्या मजल्यावर भांडणाऱ्या नवराबायकोचा नंतर वर्षभर आवाज आला नाही म्हणतात. मोटार आरशापासून वीतभर अंतरावर उभी होती. आरशातली म्हातारीही वेळेत थांबली होती. परीक्षकाचे कागद पायाशी, टाय कानावर, आणि तोंडात एकच शब्द. “आई गंऽऽ!” सगळी भाषा झडून गेलेलं, निव्वळ पोर.

सासूबाई दोन्ही हातांनी तोंड झाकून बसल्या. उघड्या काचेतून सगळा बाजार त्यांच्याकडे बघत होता.

कपाटामागून तो म्हातारा हमाल पुढे आला. त्याचेही पाय अजून रोवलेलेच होते, सोडायला त्याला वेळ लागला. त्याने खिडकीत वाकून त्यांना निरखलं.

“मालधक्क्याची का गं तू?”

हात तोंडावरून खाली आले. “व्हय रे. चहावालीची.”

“चहावालीची! अगं, तुझ्या आईच्या ओरडण्याने माझा हा पाय शाबूत आहे. म्हटलं, म्हातारी वर जाऊन परत कशी आली!” तो खदखदून हसला आणि टपावर थाप मारून म्हणाला, “काढ गाडी, भवाने, रस्ता अडवू नको.”

सासूबाईंनी गाडी काढली. सरळ, रुळांवरून काढावी तशी. काचा खालीच होत्या. परीक्षकाने टाय ठीक केला, कागद गोळा केले आणि बऱ्याच वेळाने घसा खाकरला. “वाहन वेळेत थांबविण्यात आले आहे. उमेदवार उत्तीर्ण.” मग हळूच पुस्ती जोडली, “आजी, पण केवढ्याने ओरडता हो!”

डॉक्टर लेकीकडून परत आले आणि त्यांना दुसरी गाडी बघावी लागली.

पुढच्याच आठवड्यात नवऱ्याला कचेरीला उशीर झाला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “बाळ, सोडू का तुला?” तो मागे बसला, पट्टा आवळून, डोळे अर्धे मिटून. शेजारी ब्रेकबाई. चौक आला तसा तो पुढे वाकला. “आई, सदर वेग जरा—”

“गप बस, मुडद्या! वळण आलंय, दिसत नाही?”

गाडी वळली. मागे काही हालचाल नाही. ब्रेकबाईने आरशात पाहिलं. दाव्यांचे ढीग उपसणारा तिचा नवरा हात मांडीवर ठेवून शहाण्यासारखा बसला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काहीतरी पसरलं होतं, जे तिने लग्नापासून पाहिलं नव्हतं. आई आपल्याशी इतक्या जवळून कधी बोललीच नव्हती, हे त्याला आत्ता कळत असावं.

संध्याकाळी घरी सगळं पूर्ववत होतं. सासूबाईंनी कप पुढे केला आणि ऐकू येईल न येईल अशा आवाजात म्हणाल्या, “बाळ, जमलं तर चहा घेतोस का?”

त्याने कपाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, मग खिडकीतून खाली उभ्या असलेल्या पिवळट मोटारीकडे पाहिलं.

“आई,” तो म्हणाला, “चहा खाली गाडीत बसून घ्यायचा का?”